खोक्यातला ओला भुसा

हसायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून हसा. पण ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. पाहिलेली आहे. या हातांनी खरवडलेली आहे.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. गेल्या उन्हाळ्यातली, टळटळीत दुपारची. जागा म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या घरामागची पत्र्याची शेड. त्याचं सुतारकाम तिथेच चालतं.

मी शाळेत लाकूडकाम शिकवायचे. मुलं माझ्या पाठीमागे मला ‘रंधाबाई’ म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

आमच्या वर्गात एक टेबल-करवत होती. लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल ब्लेड, खाली मोटर आणि भुसा साठायचं बंद खोकं. ती फक्त मी चालवायचे. मुलं लांब, पिवळ्या पट्ट्याच्या मागे. पण त्यांच्याकडे एक काम असायचं.

बटण बंद केलं तरी ब्लेड लगेच थांबत नाही. घरघरत फिरत राहतं. फिरताना त्याचे दात दिसत नाहीत, नुसती चकचकीत थाळी दिसते. मुलांनी बघत राहायचं आणि एकेक दात सुटा दिसला की ओरडायचं, “दात दिसले, बाई!”

त्यानंतरच माझा हात पुढे जायचा.

धाकटा याची टर उडवायचा. “ताई, तुझी करवत आहे की दातांचा दवाखाना?”

त्याने जुनी टेबल-करवत विकत घेतली, तेव्हा मला कळवलंसुद्धा नाही. फोन आला तो भावजयीचा.

“ताई, शेडमधून घाण वास येतोय. उंदीर मेला असेल म्हणून सगळं उचलून बघितलं. काही नाही. हे म्हणतात, मला वास येतच नाही. पण जेवायला बसले ना, की यांच्या हाताला तोच वास असतो हो.”

मी गेले.

शेडच्या दारातच मी पदर नाकाला लावला. फुलदाणीतलं पाणी नासतं, तसा वास. आणि त्याच्या खाली दुसरा एक... मांसाचा.

धाकटा मजेत शीळ घालत पातळ पट्ट्या कापत होता. त्याच्या लेकीला दिवस भरत आले होते. नातवंडासाठी पाळणा करत होता. ब्लेड झाकणारा गार्ड खुंटीला छत्रीसारखा टांगलेला.

“पाऊस आला की घालणार आहेस का तो?”

“आलीस? लगेच शाळा सुरू?” तो हसला आणि त्याने बटण बंद केलं.

आणि...

काहीच ऐकू आलं नाही.

घरघर नाही. ब्लेड जागच्या जागी थांबलं. कुणीतरी तळव्याने धरल्यासारखं.

मग खालच्या खोक्यातून आवाज आला... “पच्च.”

ओल्या कणकेत मूठ मारल्यासारखा.

“हिला ब्रेक आहे का रे?”

“छे, जुनी आहे. विकणारा हेच कौतुक सांगत होता. लगेच थांबते, वेळ वाचतो.”

बोलता बोलता त्याने ब्लेडजवळची पट्टी उचललीसुद्धा. ब्लेडकडे न बघता.

वासापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. लहान मूल असो की म्हातारा सुतार, हात सवयीचा गुलाम असतो. आणि ही करवत त्याच्या हाताला वाईट सवय लावत होती.

“प्लग काढ. आतून साफ करू.”

त्याने प्लग काढला. मी तो टेबलावर, नजरेसमोर ठेवला. नेहमी असंच करावं. मग खोक्याचं दार उघडलं.

भुसा कोरडा असतो. हलका असतो. मुठीतून सुळसुळ सांडतो, त्याला लाकडाचा गोड वास असतो.

हा ओला होता.

राखाडी, त्यात गुलाबी झाक. चिकट. चावून थुंकलेल्या घासासारखा. मी थापीने खरवडला तर थापीला लोंबत राहिला. आणि तो... कोमट होता.

बादलीत टाकताना त्यात काहीतरी टकटक वाजलं. मी बोटांनी चिवडून बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं.

नखं.

कापलेली नव्हेत. मुळासकट निघालेली.

“माशाचे खवले असतील,” धाकटा म्हणाला.

“करवतीवर मासे कोण कापतं रे?”

त्याने बादली पायाने लांब सरकवली. भावजय दाराबाहेर भडाभडा ओकली.

आम्ही खोकं गरम पाण्याने, साबणाने घासलं. मोटरला पाणी लागू दिलं नाही. सगळं पुसून उन्हात वाळवलं. ब्लेड बदललं. लाकूड ब्लेडला चिमटून उलटं उडू नये म्हणून मागे एक पत्रा असतो, तो बसवला. गार्ड बसवला. पट्टी पुढे सरकवायची काठी हाताशी ठेवली.

“आता काप.”

त्याने सुकं, जुनं लाकूड कापलं. टेबलावर उडालेला भुसा कोरडाच होता. बटण बंद केलं.

शांतता.

“पच्च.”

दार उघडलं... मूठभर लगदा. ओला. कोमट. पुन्हा तोच वास.

“हिला आजच भंगारात दे,” मी म्हणाले.

“पाळण्याच्या पट्ट्या होऊ देत, मग दे कुणालाही. लेक पाळणा विचारतेय ताई.”

“पट्ट्या मी हातकरवतीने कापून देते.”

“तू? म्हणजे पोरगं शाळेत जायला लागेल, तेव्हा पाळणा तयार!”

भावजय मध्ये पडली म्हणून त्याने ऐकलं. मी त्यांच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून कापत होते. काम हळू होतं, पण होत होतं. जेवण झाल्यावर तो दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला नाही.

शेडमधून करवतीचा आवाज आला.

मी तशीच उठले. दारात पोचले तेव्हा त्याची शेवटची पट्टी कापून झाली होती. पट्टी अरुंद म्हणून गार्ड पुन्हा काढलेला. काठी खाली पडलेली. त्याने बटण बंद केलं आणि सवयीने, न बघता, हात पुढे केला.

आणि मला ऐकू आली...

घरघर.

त्या दिवशी पहिल्यांदा ती करवत इतर करवतींसारखी वागली.

“दात!” मी किंचाळले. “दात बघ!”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मी जुना खेळ काढलाय. तो हसला.

हसतच होता, आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

भावजयीने हात कापडात गच्च आवळून धरला. डॉक्टर फोनवर म्हणाले, बोटं शोधून आणा, स्वच्छ कापडात गुंडाळून, मग बर्फावर. जोडता येतील कदाचित. टेबलावर नव्हती. जमिनीवर नव्हती. म्हणजे फटीतून खोक्यात गेली असणार. मी प्लग उपटला, दार उघडलं.

आत कोरडा भुसा होता.

हलका. पिवळसर. ताज्या लाकडाचा गोड वास येणारा. रक्ताचा थेंब नाही. ओलसरपणा नाही. मी तो सगळा पिठाच्या चाळणीने चाळला.

बोटं नव्हती.

खोकं आतून चाटूनपुसून स्वच्छ होतं.

त्या करवतीचे भंगारवाल्याने माझ्यासमोर तुकडे केले. पाळणा मी पुरा केला. नात त्यात झोपते, गोड आहे. धाकट्याची जखम भरली. सगळं नीट आहे, असं लोक म्हणतात.

फक्त धाकटा हात पुसत असतो. सारखा. जिथे बोटं नाहीत, तिथली हवा विजारीला पुसतो.

“दुखतात का रे?” मी विचारलं होतं.

“दुखत नाहीत. ओली लागतात. गरम... कुणीतरी तोंडात धरून चोखतंय असं.”

डॉक्टर म्हणतात, गेलेल्या अवयवाची जाणीव राहते. होत असेल. मी शिकलेली बाई आहे, मला पटतं.

पण परवा तो माझ्या शेजारी येऊन बसला. भावजयीला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला.

“ताई, आता मधलं बोटही ओलं लागतंय.”

मधलं बोट तर त्याला आहे. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला. बोट जागच्या जागी होतं. नख होतं. पण ते नख... हलत होतं.

आणि बोट खरंच ओलं होतं. कोमट.

मी घरी येऊन हात साबणाने धुतले. पुन्हा धुतले. हे लिहिता लिहितासुद्धा उठून धुवून आले.

वास जात नाही.