तिन्हींतली चांगली फुंक

दवाखान्याच्या तळघरातल्या श्वास मोजायच्या खोलीत घड्याळजी पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं तपासणी करणाऱ्या तिच्याआधी भिंतीकडे पाहिलं.

"मॅडम, तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

"आणि तुम्ही अर्धा तास उशिरा. नाकाला चिमटा लावा."

मग तिचा रोजचा पाढा सुरू झाला – मोठा श्वास घ्या, नळीत फुंका, अजून… अजून… थांबू नका. तीनदा फुंकायचं आणि त्यातली चांगली तेवढी धरायची, अशी तिथली रीत. लालबुंद होऊन तो म्हणाला, इतक्या आर्जवानं आजवर कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तिला ओठ दाबून हसू आवरावं लागलं.

अहवाल हसण्यासारखा नव्हता. फुप्फुसांची राखण करणारं रक्तातलं प्रथिन त्याच्यात जन्मापासूनच कमी, आणि होतं तेही सिगारेटचा धूर निकामी करत होता. पस्तिशीत साठीची फुप्फुसं! गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, असं तिनं तोंडावर सांगितलं. त्यानं खिशातलं सिगारेटचं पाकीट तिच्या टेबलावर ठेवलं. पुढच्या खेपेला घड्याळ दुरुस्त केलं. त्यापुढच्या खेपेला तिचा हात धरला… तिनं तो सोडवला नाही. तिच्या आईनं नाक मुरडलं, तरी लग्न ठरलं.

इथेच तिचं चुकलं. धूर पकडणाऱ्या छोट्या यंत्रात प्रत्येकाला फुंकायला लावायचा नियम होता. त्यावर तिनं कितीतरी थापाडे पकडले होते. त्याला मात्र कधी लावलं नाही. आपल्याच माणसावर पाळत काय ठेवायची? न विचारताच ती कागदावर 'सोडली' असं लिहीत गेली.

वर्षभरात आकडे कोसळले. तिनं यंत्र पुढे केलं.

"आज राहू दे ना…"

"फुंक."

लाल दिवा लागला.

"तू कधी विचारलंच नाहीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं – तुला कळलंय, आणि चालतंय."

वर्षभर तिनं त्याचं चांगलं तेवढंच धरलं होतं, आणि त्यात त्याचा श्वास गेला होता. तो म्हणाला, उद्यापासून सोडतो. तिनं 'ओढतात' असं लिहिलं आणि पुढची तारीख शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याकडची दिली.

"आणि लग्न?"

"नको. तुझं मला खरं मोजता येत नाही रे."

तो उठला. जिन्यावर त्याची पावलं वाजत गेली आणि निम्म्यावर थांबली. दम लागला होता. ती खुर्चीतून हलली नाही, पण ओठ आपसूक पुटपुटत होते – अजून… अजून… थांबू नकोस.