धारला ठेवलेलं प्रस्थान

सूनबाईनं, कृतिकानं, फोनवर बजावलं होतं, ‘आई, एकेकच बॅग आणा, सात किलोची. इथे सगळं मिळतं.’ तिचे दिवस भरत आले होते. मेलबर्नला पोचून बाळाला पहिलं न्हाऊ मीच घालायचं, एवढी एकच आस मला होती. ह्यांनी वजनाचा काटा आणला. हुकाला बॅग लटकवायची आणि मला ‘काढ’ म्हणायचं. डिंकाचे लाडू निघाले, पोथी निघाली, बाळंतविडा अर्ध्यावर आला.

मला घोर वेगळाच होता. लग्न होऊन देवासला आले तेव्हापासून देवापुढची सांजवात माझ्या हातून चुकली नव्हती. किल्ली शेजारच्या नीतूकडे द्यायची, तुळशीला पाणी ती घालणार, असं ठरलं होतं. दिव्याचं मात्र तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्यात निघायचा दिवस पंचांगात वाईट. आमच्याकडे अशा वेळी प्रस्थान ठेवतात. चांगल्या मुहूर्तावर आपली एखादी वस्तू दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण निघालो असं धरतात. पुढे जाताना ती वाटेत उचलायची, घरी परत आणायची नाही. हे कामाला धारला जाणारच होते, तिथे माझ्या नणंदेचं, रुक्मिणीवन्संचं घर आहे. फडक्यात सुपारी, हळकुंड, एक लुगडं बांधलं आणि वर माझी रोजची जपमाळ ठेवली. तिच्याइतकं माझं असं दुसरं काही सुचेना.

ह्यांना म्हटलं, तुमचाही एक रुमाल द्या. हे हसले. ‘माझं प्रस्थान माझ्या पायात आहे.’

हे गाठोडं धारला ठेवून आले, त्या संध्याकाळी माझी बॅग काट्याला लावली. साड्या, औषधं, शाल सगळं आत होतं, आणि काटा रिकाम्या बॅगेचं वजन दाखवत होता. ह्यांच्या बॅगेचं बरोबर येत होतं. मी हळूच पोथी घातली, लाडवांचा डबा घातला. काटा हलला नाही.

‘बघ, जमलं की नाही?’ हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं रोजच्या दोनऐवजी एकच पिशवी ठेवली. दुपारी नीतू किल्ली न्यायला आली. मी दारातच उभी होते. माझ्या खांद्यावरून तिनं ह्यांना विचारलं, ‘काका, काकी पोचल्या ना धारला?’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावं तसं. ‘हो, कालच,’ म्हणाले.

मी धारला फोन लावला.

‘कोण बोलतंय? आवाज फार बारीक येतोय,’ वन्सं म्हणाल्या.

‘वन्सं, मी सुमंगला.’

मागे कुणीतरी जप करत होतं. मणी ओढताना मध्येच अडकणारा तो श्वास माझा आहे, मी ओळखते.

‘थट्टा करू नकोस बाई. वहिनी इथे जपाला बसल्यात.’

निघायच्या दिवशी गाडी आली तेव्हा मी वात वळत होते. ह्यांनी स्वतःची बॅग ओढत नेली. माझी एका बोटावर अडकवली.

मी ‘अहो’ म्हटलं. आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नाही. तेव्हाही आवाज तेवढाच निघाला.

बाहेर ड्रायव्हरनं विचारलं, ‘बाबूजी, माताजी नहीं चल रहीं?’

‘वो धार में हैं. वहीं से बिठाना है.’

कुलूप लागलं.

मी दिवा लावला.

काल नीतू तुळशीला पाणी घालता घालता फोनवर आईशी बोलत होती. कृतिकाला मुलगी झाली. पहिलं न्हाऊ काकींनीच घातलं म्हणे. ‘फोटो आलाय, मम्मी. काकींच्या मांडीवर कशी शांत झोपलीय.’

मी बघायला तिच्या खांद्यावर वाकले.

नीतूनं ओढणी घट्ट ओढून घेतली. फोन बंद केला. तिनं देवघराकडे पाहिलं; दिवा तेवत होता, शेजारची तेलाची बाटली तळाला गेली होती.

आज ती तेलाची नवी बाटली घेऊन आली. दिव्याजवळ ठेवली, हात जोडले, आणि पाठ न फिरवता मागच्या पावलांनी बाहेर गेली.