उसनं विरजण

डॉ. इरफान मुजावर प्रयोगशाळेत आले ते मृत्यूची बातमी घेऊनच. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी ती सांगून टाकली. त्यांच्या अतिदक्षता विभागात त्या सकाळी एक तरुण बॅडमिंटन प्रशिक्षक दगावला होता. दाढ दुखते म्हणून दंतवैद्याने त्याला प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या संपायच्या आत त्याला बेशुद्धावस्थेत आणलं गेलं, आणि रक्तातली साखर यंत्राला मोजता येईना. त्याला मधुमेह नव्हता. घराण्यातही कुणाला नव्हता.

“इन्सुलिन दिलं?” डॉ. वसुंधरा किणीकरांनी विचारलं.

“बादलीभर दिलं म्हणा ना. साखर हलली नाही. मॅडम, असा हा पाचवा. पाचही जणांनी कशा ना कशासाठी प्रतिजैविक घेतलं होतं. नमुने मी तुमच्याच तंत्रज्ञांकडून तपासून घेतले. पाचही जणांच्या आतड्यात तुमच्या जिवाणूच्या खुणा आहेत.”

वसुंधरा मिरजेच्या एका संशोधन संस्थेत ‘शर्करामित्र’ प्रकल्पाची प्रमुख होती. प्रकल्पाची कल्पना सोपी होती. दह्याच्या जिवाणूत इन्सुलिनचं जनुक बसवायचं. मधुमेह्याने संस्थेकडून विरजणाची पुडी न्यायची, घरच्या दुधाला लावायची आणि रोज वाटीभर दही खायचं. सुई बंद. इन्सुलिन आतड्यात पचून जाऊ नये म्हणून त्याच्या रेणूला एक कवच जोडलं होतं. हे कवचधारी इन्सुलिन जिवाणू फक्त आतड्यात तयार करी, तेही साखर असेल तेवढंच. दह्याच्या भांड्यात त्याचा अंशही नसे.

जिवाणू बाहेर पसरणं शक्य नाही, असं वसुंधरा म्हणाली. त्याला लागणारं एक पोषकद्रव्य केवळ संस्थेच्या पुडीत होतं. ते मिळालं नाही की तो मरतो, हे शंभरदा पडताळलं होतं. मुजावरांनी विचारलं, हे पडताळलं कशात? निर्जंतुक दुधात, ती म्हणाली. घरच्या दह्यात इतर जिवाणूंची गर्दी असते, मुजावर म्हणाले, आणि त्या गर्दीत तुमच्या लाडक्याला कुणीतरी खाऊ घालतंच.

“तरी रुग्णांना आम्ही लेखी बजावलं होतं. औषध दुसऱ्याला द्यायचं नाही.”

“औषध कुणीच दिलं नाही. माझी अम्मी तुमच्या प्रकल्पात आहे. तिची गोळी ती मलासुद्धा देणार नाही. पण शेजारीण वाटी घेऊन दारात आली, तर चमचाभर विरजण नाही म्हणेल का ती?”

संमतिपत्र लिहिणाऱ्या समितीत सातजण होते. सातांपैकी एकाच्याही घरी दही लावत नसत. पिशवीतून येई.

राहिला प्रश्न इन्सुलिन चालत का नाही याचा. प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्यावर त्याचंही उत्तर मिळालं. काही रेणूंचं कवच आतड्यात गळून पडत होतं. शरीराने त्या उघड्या रेणूंना शत्रू ठरवलं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. कवच असलेल्या रेणूला ती प्रतिपिंडं धरू शकत नव्हती. पण माणसाचं स्वतःचं इन्सुलिन उघडं असतं. सुईतलंही उघडंच.

“म्हणजे जिवाणू आत आहे तोवर माणूस ठणठणीत,” मुजावर म्हणाले.

“हो.”

“आणि तो मेला की माणसाकडे स्वतःचं काही नाही, आणि आम्ही बाहेरून देऊ तेही वाया.”

“हो. कवचधारी इन्सुलिन शुद्ध करून टोचता येईल. कारखाना उभा करायला सहा महिने लागतील.”

शहरात चाचण्या घेतल्या तेव्हा निम्म्या घरांत जिवाणू सापडला. जिल्हा प्रशासनाने आदेश काढला: चाचणीशिवाय प्रतिजैविक नाही, आणि जिवाणू असलेल्याला मुळीच नाही. साखरेने होणारे मृत्यू थांबले. त्यांच्या जागी जुने मृत्यू परत आले. एक बाळंतीण गेली, पायात खिळा घुसलेला एक सुतार गेला. वर्तमानपत्रांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायला सुरुवात केली.

त्याच सुमारास वसुंधराची मुलगी इरा न्यूमोनियाने मुजावरांच्या विभागात दाखल झाली. ती एकोणीस वर्षांची होती. तिची चाचणी आली, त्यात जिवाणू होता.

वसुंधराने घरी जाऊन सासूबाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या त्या पिशवीतल्या दह्याला चव असते का? दिवाळीत खालच्या मगदूमबाईंकडून चमचाभर आणलं. तेव्हापासून मोडू दिलेलं नाही.”

“मला सांगायचं होतंत.”

“विरजण आणलं, हे काय सुनेला सांगत बसायचं?”

वसुंधरा संस्थेत परतली. पहिल्या मृत्यूंनंतर तिने एक काम कुणाला न सांगता सुरू केलं होतं. जिवाणू प्रतिजैविकाने मरतो म्हणून माणूस मरतो, तर जिवाणूच प्रतिजैविकाला दाद देणार नाही असा करायचा. त्यासाठीची रोधक जनुकं तिने त्यात बसवली होती. परवानगी मागितली नव्हती, कारण मिळणार नाही हे ठाऊक होतं. त्या दह्याची वाटी घेऊन ती मुजावरांसमोर उभी राहिली.

“जिवाणू आपली जनुकं एकमेकांना देतात, हे मी तुम्हाला शिकवायचं का?” मुजावर म्हणाले. “उद्या हीच जनुकं न्यूमोनियाच्या जंतूकडे गेली तर?”

“फार क्वचित घडतं ते. तिचा श्वास ऐका आणि मग मला नाही म्हणा.”

त्यांनी इराच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

इराने ते दही खाल्लं. नवा जिवाणू आतड्यात रुजल्याची खात्री झाल्यावर प्रतिजैविक सुरू झालं. साखर जागची हलली नाही. ताप उतरला. इरा उशीला टेकून बसली, तेव्हा तिने आईला विचारलं, “या प्रयोगात मी कितवी गं?”

“पहिली.”

“मग शोधनिबंधात माझं नाव आधी टाक. तू नेहमी स्वतःचं टाकतेस.”

वसुंधरा हसली. नर्सही हसली. आठवड्याभरात घरी सोडू, असं मुजावरांनी सांगितलं.

सोडायच्या आदल्या दिवशी ताप परतला. या वेळी औषध चालेना. दुसरं दिलं, तिसरं दिलं. संध्याकाळपर्यंत त्याच विभागातल्या आणखी तीन रुग्णांना तोच ताप चढला. मुजावरांनी चौघांच्याही कफातला जंतू वेगळा काढला आणि वसुंधराला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं.

“रोधक जनुकं तुमचीच आहेत, मॅडम. क्रम अक्षरन् अक्षर जुळतो. हाताशी होती नव्हती ती सगळी प्रतिजैविकं लावून पाहिली. एक सोडून सगळी निकामी.”

उरलेलं कोणतं, हे तिने विचारलं नाही. नवा जिवाणू हाताबाहेर गेला तर तो मारता यावा, म्हणून एकाच औषधाविरुद्धचं जनुक तिने मुद्दाम बसवलं नव्हतं. त्या औषधाने न्यूमोनियाचा जंतू मेला असता. त्याच्याही आधी दह्याचा जिवाणू मेला असता.

“दिलं तर किती वेळ?” तिने विचारलं.

“साखर दुसऱ्या दिवशी चढेल. नाही दिलं तर ही फुफ्फुसं आठवडा काढतील. त्यातले शेवटचे दिवस तुम्ही पाहू नयेत असे असतील.”

काचेपलीकडे इरा प्राणवायूच्या मुखवट्याआडून नर्सशी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती. नर्सने कान जवळ नेला.

“तिला देऊ नका,” वसुंधरा म्हणाली. मग तिने आवाज नीट केला. “बाकीच्या तिघांना आत्ता सुरू करा. त्यांना तरी वाचवता येईल. आधी त्यांची चाचणी...”

“ती झाली.” मुजावरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तिघांच्याही आतड्यात तुमचा जुना जिवाणू आहे. औषध कपाटात भरपूर पडलंय, मॅडम. ते ज्याला देता येईल असा माणूस मात्र माझ्याकडे नाही.”