चोपन्न किलो दोनशे

रविवार, १२ एप्रिल २०२६. आभाळ निरभ्र, वारा बंद, दुपारी पारा बेचाळीसवर.

श्रीमंत बिराजदारच्या वहीत त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. त्याखाली गाडीच्या चारही कोपऱ्यांची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत. समोरासमोरचे आकडे तंतोतंत जुळतात. त्यानंतरचे बारा दिवस ते जुळले नाहीत.

सोलापुरात मार्केट यार्डाजवळ श्रीमंतचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. वय एक्कावन्न. काटा श्रीमंतनं तपासलाय म्हटलं की व्यापारी आणि शेतकरी दोघंही गप्प बसत, एवढं त्याचं नाव. ही विद्या त्याला यार्डातल्या निंगप्पामामांनी दिली. मामा तोलार होते. चाळीस वर्षं त्यांनी पोती तोलली. दुकानात मोठा काटा दुरुस्त झाला की श्रीमंत आधी त्यावर प्रमाण वजनं ठेवी, मग मामा चपला काढून वर उभे राहत.

"किती?"

"चोपन्न किलो दोनशे."

"वीस वर्षं मी हाललेलो न्हाय तम्मा," मामा म्हणत. "काटा हालला असंल तर तुझा."

मामा मागच्या श्रावणात गेले. मंद्रूपच्या पुढं, त्यांच्याच शेताच्या कडेला त्यांना माती दिली. त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवून पुरतात. खड्ड्यात उतरून मामांचे खांदे धरणारा श्रीमंतच होता. माती छातीपर्यंत येईतो त्यानं ते वजन सोडलं नव्हतं. वर्षश्राद्धाच्या आधीच मामींनी, म्हणजे शिवलीलामामींनी, लिंग कोरलेला काळा दगड आणून तिथं उभा केला.

दरम्यान श्रीमंतला गाडीचा नाद लागला होता. गाडी साधीच, चौकोनी कुटुंबाची. फक्त तिची चारही चाकं ओढायची. मोबाइलवर बघून बघून तो सगळं स्वतः शिकला. स्प्रिंगांवर तीस मिलिमीटरच्या चकत्या बसवून गाडी उचलली, जाड नक्षीचे टायर घातले, पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकला, पुढच्या बंपरमागं दोरी गुंडाळणारा विंच लपवला. प्रत्येक बोल्ट किती आवळला तेही वहीत आहे. सगळं झाल्यावर त्यानं गाडी ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर नेली. रिकामी, चौदाशे किलो.

पण रविवारी ज्यांच्याबरोबर तो रानावनात जाई, त्यांच्या अस्सल जीपा होत्या. त्यातला अभिमन्यू, टायरचा व्यापारी, त्याला सोडत नसे.

"बिराजदार, मिशा चिकटवून गॅदरिंगमधला मावळा होतोय, खरा न्हाय. आज तुला दोरी लावूनच काढतो की न्हाय बघ."

सगळे हसले. श्रीमंतही हसला. त्या दिवशीची वाट त्यानंच सुचवली होती, मामांच्या शेताच्या कडेच्या ओढ्यातून. पाटाचं पाणी सुटलेलं, तळाशी काळा गाळ. जीपा पार झाल्या आणि धूळ उडवत टेकाडापलीकडं गेल्या. श्रीमंतची गाडी काठ चढता चढता पोटावर बसली. चारही चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

बरोबर बारा वाजले होते. पाखराचा आवाज नव्हता. दहा मिनिटांत मंडळी परत आली असती, एका झटक्यात ओढून काढलं असतं. तेवढी दहा मिनिटं त्याला नको होती.

बाभूळ होती, पण दोरी तिथवर पोचेना. समोर पंधरा पावलांवर काळा दगड उभा होता.

तो दगड कुणाचा हे न कळण्यासारखं काही नव्हतं. मामा रागावणार नाहीत, असं तो मोठ्यानं म्हणाला. त्यानं दगडाला कापडी पट्टा गुंडाळला. दगडाची कड पट्ट्याला कापू नये म्हणून मध्ये बारदान घातलं. दगडासाठी काही घातलं नाही.

विंच घुमू लागला. गाडी वीतभर सरकली, मग हातभर. तेवढ्यात दगड कलला. बटण श्रीमंतच्या अंगठ्याखाली होतं. त्यानं अंगठा उचलला नाही.

गाडी वर आली आणि दगड मुळासकट बाहेर आला. खाली काळं भोक. त्यातून ओल्या मातीचा, विभूतीचा आणि बारदानाचा वास आला. त्यामागून एक आवाज आला... खूप वेळ मांडी घालून बसलेला माणूस गुडघ्यावर हात टेकून उठताना सोडतो, तसा लांब श्वास.

पोकळीतली हवा, असं श्रीमंतनं मनाशी म्हटलं. दगड ढकलत नेऊन भोकावर टेकवला, पायानं माती लोटली. तो वाकडाच उभा राहिला. जीपा परत आल्या तेव्हा श्रीमंत बॉनेटला टेकून उभा होता.

"आयला, निघाला की रं ह्यो!" अभिमन्यूनं पाठीवर थाप मारली, फोटो काढला. फोटोत श्रीमंत हसतो आहे.

गाडी सुरू केली तर टिंग टिंग वाजू लागलं. शेजारच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजतं ते. सीटवर पाण्याची बाटली होती, ती त्यानं खाली ठेवली. वाजणं थांबलं नाही. मंद्रूपच्या फाट्यावर त्यानं कंटाळून रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून खटक्यात अडकवला. आवाज बंद झाला. बेल्ट मात्र सीटला चिकटून बसला नाही. पाठीपासून चार बोटं पुढं, ताणून उभा राहिला. घरापर्यंत श्रीमंतनं डावीकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा डावा कोपरा नऊ मिलिमीटर खाली होता. त्यानं चकत्या तपासल्या, टायरची हवा तपासली, सीटखालची वायर काढून पुन्हा लावली. वजनाचा सेन्सर कसा चालतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सेन्सर ठीक होता.

मंगळवारी मामींचा फोन आला.

"श्रीमंता, मामाचा दगड कुनी तरी उपटला बग. हितं मोठ्या नक्षीची चाकं उमटल्यात. तू ऐतवारी इकडं आलतास न्हवं? कोन दिसलं का तुला?"

श्रीमंतच्या हातात त्या वेळी प्रमाण वजन होतं. ते त्यानं सावकाश खाली ठेवलं.

"ट्रॅक्टर असेल, मामी."

"मग रामहरीचाच. शेजारी त्योच फिरवतो. त्याचाच व्हय रं?"

"...असेल."

फोन ठेवल्यावर त्यानं वहीत लिहिलं, मामींचा फोन, सकाळी दहा वीस. काय बोलणं झालं ते लिहिलं नाही. त्याच्या वहीत एवढी कोरी जागा दुसरीकडं कुठं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्याची बायको जगदेवी सिद्धेश्वराच्या देवळात निघाली. तिनं पुढचं दार उघडलं, एक क्षण थांबली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दार हळूच लावून मागं जाऊन बसली.

"पुढं ये की," श्रीमंत म्हणाला.

"असू द्या. वडीलधारं माणूस पुढं असताना आपण..." ती मध्येच थांबली. "असं का म्हटलं हो मी?"

श्रीमंतनं गाडी गिअरमध्ये टाकली. येताना ती रिक्षानं आली.

शनिवारी भर दुपारी तो वजनकाट्यावर गेला. काटा सांभाळणारा ईरप्पा खोलीच्या खिडकीतून बघत होता. श्रीमंतनं गाडी मधोमध उभी केली, बंद केली, उतरून लांब उभा राहिला.

"रिकामी तोल, ईरप्पा."

"रिकामी म्हन्ता आन् म्हाताऱ्याला आतच ठेवता व्हय, मालक? उतरवा की त्येस्नी."

श्रीमंत गाडीकडं वळला. "...कोण आहे आत?"

ईरप्पा कपाळावर हात धरून बाहेर आला, गाडीच्या डाव्या अंगाला गेला, काचेतून वाकून पाहिलं. मग चार पावलं मागं सरकला. "काचंवर ऊन चमकलं असंल," तो हळू म्हणाला. "चौदाशे पन्नास हाय. घेऊन जावा गाडी."

तो काटा दहा-दहा किलोनं बोलायचा. सुटे चार किलो त्याला दिसत नसत. श्रीमंतला पुढचा हिशेब करावा लागला नाही.

पुढं सहा रात्री त्याला झोप लागली नाही, आणि ती भीतीनं नव्हे. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मामा शेजारी बसून काही करत नव्हते. नुसते बसले होते. यार्डात उन्हाचे बसत तसे, काट्याकडं बघत. श्रीमंतला लाज वाटत होती. बेल्ट लावताना तो मान खाली घालू लागला.

शुक्रवारी, २४ तारखेला, सिमेंटची पिशवी, थापी आणि पाणसळ घेऊन तो मामींच्या शेतावर गेला. वाटेत सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पाच-सहा वाक्यं होती, त्यानं ती मनात घोकली. शेजारचा बेल्ट ताणलेला होता.

मामी बांधावर वाट बघत होत्या. "एवढ्या उन्हाचं आलास व्हय रं तम्मा? तुला लई माया मामाची." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. श्रीमंतनं तो घेतला आणि न पिताच बांधावर ठेवला.

"रामहरीला चावडीपुढं उभा केला लोकांनी," मामी सांगू लागल्या. "आता गावात कोन त्याला नांगरटीला बोलवत न्हाय. मोडनिंबला पाव्हण्याकडं निघालाय म्हनं, ट्रॅक्टर इकून."

श्रीमंत खाली बसून सिमेंट कालवू लागला. दगड उभा केला, चारही बाजूंनी चिपा ठोकल्या. पाणसळ दगडाला लावली. बुडबुडा डावीकडं होता.

तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं एक माणूस चालत आला. रामहरी. तो बांधाबाहेरच थांबला, चपला काढल्या.

"मामी, जायच्या आदी सांगाय आलो. आईशपत, म्या न्हाय. म्या त्या दिशी मंगळवेढ्याला व्हतो, बाजाराला."

मामींनी त्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मग वळल्या.

"श्रीमंता, तू सांग की. तूच म्हनला न्हवं ट्रॅक्टर म्हनून? तू तोलनारा मानूस. तू सांगशील ते खरं."

बारा वाजले होते. वारा नव्हता. मागं उभ्या असलेल्या गाडीतून, किल्ली काढलेली असताना, टिंग टिंग ऐकू येऊ लागलं... एकदा... पुन्हा एकदा. मामींनी किंवा रामहरीनं तिकडं मान वळवली नाही. श्रीमंतनं दगडाला हलकेच ठोका दिला. बुडबुडा सरकत सरकत बरोबर मध्ये आला.

"दगड सरळ झाला, मामी," तो म्हणाला.

आवाज थांबला.

रामहरीनं चपला पायात घातल्या आणि आल्या वाटेनं गेला. मामींनी दगडाला विभूती लावली, बेल वाहिला. मग श्रीमंतकडं न बघता तांब्या उचलून घराकडं गेल्या.

गाडीत बसला तेव्हा शेजारचा बेल्ट सीटवर सैल पडला होता. सीट इतर कुठल्याही सीटसारखी तापलेली होती. श्रीमंत थेट वजनकाट्यावर गेला. ईरप्पा या वेळी बाहेर आला नाही, खिडकीतूनच ओरडला.

"चौदाशे! आता बरोबर हाय, मालक!"

श्रीमंतला हसू फुटलं. तो पुन्हा गाडीत बसला तशी गाडी उजवीकडं कलली. कलली असं त्याला वाटलं. रस्ता उतरता असेल, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही.

दुकानाला तीन पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर त्याला बसावं लागलं. उठताना दोन्ही हात गुडघ्यावर टेकावे लागले आणि तोंडातून लांब श्वास निघाला. तो श्वास त्यानं याआधी ऐकला होता. आत जाऊन त्यानं शटर अर्धं ओढलं.

मोठ्या काट्यावर त्यानं वीस किलोचं प्रमाण वजन ठेवलं. काट्यानं वीस किलो दाखवलं. दुसरं ठेवलं, चाळीस. वजनं उतरवली, काटा शून्यावर आला. दर महिन्याच्या एक तारखेला तो स्वतःचं वजन लिहून ठेवायचा. एप्रिलचा आकडा एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम होता. त्यानं खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या, मोबाइल ठेवला, घड्याळ ठेवलं. चपला काढल्या. काट्यावर उभा राहिला आणि आकडा स्थिर होईपर्यंत हालला नाही.

मग खाली उतरून त्यानं वही उघडली आणि तारखेपुढं लिहिलं.

शुक्रवार, २४ एप्रिल. आभाळ निरभ्र, वारा बंद. गाडी, १४०० किलो. चारही कोपरे जुळतात. स्वतः, १२५ किलो ६०० ग्रॅम.