सुमंतचं प्रस्थान

सेशेल्सला जायचे सगळे मार्ग अरुंधतीने जेवणाच्या टेबलावर मांडले होते आणि सुमंतने एकेकाला नाक मुरडलं होतं. नागपूरहून मुंबई, मुंबईहून माहे बेटापर्यंत विमान, इथवर ठीक. पण हॉटेल होतं ला डीग नावाच्या लहानशा बेटावर, आणि तिथे विमान उतरतच नाही. मग एक तर मोठ्या बोटीने समुद्र कापत जायचं, नाहीतर छोट्या विमानाने मधलं बेट गाठून उरलेलं अंतर होडीने.

"अगं, बोट लागते मला," सुमंत म्हणाला. "आणि ते छोटं विमान म्हणजे ऑटोला पंख."

अरुंधतीचं डोकं फिरलं. पाटबंधारे खात्यात तिने पस्तीस वर्षं नकाशे काढले, तेही दुसऱ्यांच्या पाण्याचे. समुद्राचं नाव काढलं की या माणसाचं घोडं अडलंच. आधी आईचं आजारपण, मग बढती, मग गुडघे. एकटीने जायचं असतं तर ती केव्हाच गेली असती. तिला त्याच्यासोबत जायचं होतं, आणि या वेळी ती त्याला फरफटत का होईना, नेणारच होती.

त्यात सुमंतच्या थोरल्या बहिणीने, यमुताईंनी, पंचांग उघडलं. निघायचं शनिवारी, आणि शनिवारी अमावास्या! उपाय त्यांच्याकडे तयारच होता. सोमवारच्या मुहूर्तावर सुमंतचं प्रस्थान ठेवायचं. म्हणजे माणूस घरीच राहतो. त्याचा एक सदरा, सुपारी, मूठभर तांदूळ यांचं गाठोडं दुसऱ्याकडे नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. निघताना गाठोडं सोबत घ्यायचं.

"आणि माझं?" अरुंधतीने विचारलं.

"तू कुठे मानतेस वं?" यमुताई म्हणाल्या.

एवढ्यावर सुमंत यायला कबूल झाला, म्हणून तिने जीभ आवरली. गाठोडं प्रवासाच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला हवं, तर यमुताईंनी ते शहराबाहेर वाडीला, ओळखीच्या वामनरावांच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात ठेवलं. हरवू नये म्हणून वर चिठ्ठी लावली: सुमंत घटाटे, मुक्काम सेशेल्स.

बुधवारी दुपारी विमान कंपनीचा निरोप आला. सुमंत, मुंबई ते माहे प्रवास कसा वाटला? पाचपैकी किती तारे द्याल?

अरुंधतीने तिकिटं काढून देणाऱ्या ऋषीला फोनवर धारेवर धरलं.

"सिस्टिमचा लोचा असन, काकू. मी बघून राहिलो ना."

"काय बघतोस? माणूस इथे माझ्यासमोर बसलाय!"

समोर बसलेल्या सुमंतने ताट बाजूला सारलं. पोट भरलंय म्हणाला. सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

गुरुवारी बोटवाल्यांचा निरोप आला. ला डीगला सुखरूप पोचलात, आज समुद्र खवळलेला होता, त्रासाबद्दल दिलगीर आहोत. सुमंत तेव्हा गॅलरीतल्या खुर्चीचे हात घट्ट धरून, पाय फाकवून बसला होता. रंग उतरलेला, डोळे मिटलेले. संध्याकाळपर्यंत त्याची मान उन्हाने भाजल्यासारखी लाल झाली. आठवडाभर हा माणूस घराबाहेर पडला नव्हता. त्याने तोंड पुसलेल्या टॉवेलला खारट, ओला वास येत होता.

"यायचं नाही तर तोंडाने सांगा! ही नाटकं बंद करा," ती ओरडली. आपण घाबरलोय हे तिला कळत होतं, म्हणून ती आणखी मोठ्याने ओरडली.



शुक्रवारी सकाळी तिने वाडी गाठली. गाठोड्यावर तिचा विश्वास नव्हताच, पण कोणाच्या तरी अंगावर जायचं होतं. अमरावती रोडला ट्रक एकमेकांना चिकटून उभे होते, हवेत डिझेल आणि धूळ. वामनराव गोदामाच्या दारातच भेटले.

"गाठोडं? ते तं गेलं ना वहिनी. सोमवारीच."

"गेलं म्हणजे? ते ठेवायला दिलं होतं!"

"काहून तापून राहिल्या? मले कोणी सांगतलंच नाही का ठेवाचं हाय म्हणून. वर नाव होतं, गाव होतं. हमालायनं मुंबईच्या गाडीत चढवून देलं. आपल्या इथं माल मुक्काम करत नाही."

"परत मागवा. आत्ताच्या आत्ता!"

वामनराव फोनवर काहीतरी शोधू लागले. मग त्यांचा आवाज उतरला.

"परत कसं येईन वहिनी? साहेबांनी स्वतः उतरवून घेतलं. मंगळवारी, मुंबईले. हे पहा, माल उतरवल्याच्या बिल्टीवर सही हाय."

तिने पाहिलं. सहीखाली दोन टिंबं. सुमंतची खोड.

मंगळवारी तो दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर होता.

परतताना ऑटोतच ऋषीचा फोन आला. तो चाचरत होता. "काकू, उद्याचं तुमचं तिकीट पक्कं आहे. पण काकांचं परतीचं… त्यांनी रद्द केलं. काल तिथल्या हॉटेलातून फोन आला. आवाज काकांचाच होता. मी ओळखतो ना."

तिने फोन बंद केला. यमुताईंचा राग आला, वामनरावांचा आला, आणि इतकी वर्षं दारात अडून बसणाऱ्या, आता तिला मागे टाकून एकट्याच निघालेल्या त्या माणसाचा सगळ्यांहून जास्त आला.

जिना ती धावत चढली.

सुमंत गॅलरीत बसला होता. चेहरा रापलेला. समोरच्या इमारतींकडे डोळे बारीक करून पाहत होता.

"अहो," तिचा आवाज फुटला. "आपण दोघं उद्या निघतोय. दोघं. ऐकताय ना?"

तो वळला. अदबीने हसला. शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून त्याने तिला जागा केली.

"बसा ना. मोठ्या बोटीने आलात की छोट्या विमानाने?"

ती उभीच राहिली. त्याने मान वाकडी करून तिच्या मागे, दाराकडे पाहिलं.

"एकट्याच आलात?"