न उचलणारं पाऊल

"पोलीस अकराला येतायत," परेश तिसऱ्यांदा म्हणाला. त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. चोरीचा आळ त्याच्या सख्ख्या बहिणीवर होता.

तपासाच्या कामात पडण्यापूर्वी बारा वर्षं विनितानं लुळ्या पडलेल्या रुग्णांना चालायला शिकवलं होतं. परेश आता तिची गाडी चालवायचा आणि चौकशीत मदत करायचा.

गोव्यातल्या आमोण्यात कृष्णनाथांच्या घरातून देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता. काल दुपारी तीनला परेशच्या बहिणीनं, तिथं कामाला असलेल्या सत्यवतीनं, देवाची खोली झाडली, कृष्णनाथांनी न बघताच कुलूप लावलं. बाहेर भजन चाललं होतं. आठला आरतीसाठी दार उघडलं, तर चौरंग रिकामा! एकच गलका झाला.

"मध्ये खोली सोडली होतीस?" विनितानं विचारलं.

"केर टाकूक परसात गेल्लें. दोन मिनिटां," सत्यवती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

खोलीला गजांची खिडकी. कोपऱ्यात भाताची कणगी. तिच्यामागे जेमतेम उकिडवं बसण्याइतकी फट.

भजनातला पेटीवाला गोपाळ म्हणाला, "तीनपासून मी जागचा हललो नाही. सगळ्यांनी पाहिलंय."

कृष्णनाथांचा पुतण्या स्वप्नील उजवा गुडघा उंच उचलत आला. पाऊल फरशीवर थप् थप् आपटत होतं.

"काल फोंड्याला होतो. बसमधून उतरताना घोटा मुरगळला."

घोट्याला सूज नव्हती. विनितानं टाचेमागच्या शिरेवर टिचकी मारली. पाऊल झटक्यात हललं. आत वळवायला सांगितलं, वळलं. वर उचलायला सांगितलं, उचलेना. पावलावर टाचणी टोचली, तर त्याला कळलंच नाही. मग पाय सरळ उचलून पाहिला. पाठ दुखली नाही.

तिनं सगळ्यांना सोप्यात बसवलं.

"मुरगळलेला पाय दुखतो, सुजतो. हा बधिर आहे. म्हणजे मज्जातंतू दबलाय."

"पाठीतला असेल," परेश घाईनं म्हणाला.

"कण्यापाशी दबला असता तर पाऊल आत वळवायलाही जोर पुरला नसता. हा दबलाय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडावरून जातो तिथं. तासन्‌तास उकिडवं बसलं की असं होतं. स्वप्नील, बसमध्ये कोण उकिडवं बसतं?"

स्वप्नीलनं मान खाली घातली.

"सत्यवती परसात गेली तेव्हा तू आत शिरलास. बाहेरून कुलूप लागलं आणि पाच तास कणगीमागे अडकलास. माणसांतून मुखवटा नेता आला नसता, म्हणून गलक्यात रिकाम्या हातांनी निसटलास. परेश, कणगी बघ."

परेशनं भातात खांद्यापर्यंत हात खुपसला. बोटांना थंड चांदी लागली आणि त्याच्या तोंडून हुंदकाच फुटला.

"यंदा मुखवटा मिरवायचा मान माझा होता," स्वप्नील पुटपुटला. "काकांनी दुसऱ्याला दिला."

कृष्णनाथांनी सत्यवतीपुढे हात जोडले. "बाय, झालं गेलं विसर."

सत्यवती उठली. "काल साऱ्या वाड्यासमोर, शेजारपाजारासमोर मला चोर म्हणालात. आता साऱ्या वाड्याला बोलवा."

कृष्णनाथ अनवाणीच घरोघर हाका मारत निघाले.