नूतनच्या नावाची मूठ

मार्ताचे फोन यायचे थांबले तेव्हा, खरं सांगते, मला बरंच वाटलं.

पोलंडहून आलेली ही मुलगी म्हणजे आमच्या संस्थेची या वर्षीची परदेशी स्वयंसेविका. पिंपळनेरच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या आंबेवस्तीत राहून तिनं शाळेत इंग्रजी शिकवायचं आणि परसबागा लावायच्या, असं ठरलं होतं. तिला तिथे रुळवायचं काम माझं. धुळ्याच्या ऑफिसात बसून दिवसभर तिची रडगाणी ऐकायची, हेच माझं काम होऊन बसलं होतं. भाजी तिखट आहे. संडासाला कडी नाही. पोरं खिडकीतून टकामका बघतात. घरमालकीण बेबाबाई न विचारता माझी बॅग आवरते. गुरुजी "आज नको, उद्या शिकवा" म्हणतात, आणि तो उद्या काही उजाडत नाही. समजावून समजावून माझं डोकं पिकलं. एकदा चिडून म्हणाले, "बाई गं, तू हॉटेलात उतरलेली नाहीस." त्यावर ती रडली आणि परतीचं तिकीट अलीकडचं काढून मोकळी झाली. गुरुवारचं विमान. मी वर कळवलं, तर वरून मलाच बोलणी बसली.

मग श्रावणात घरोघर कानबाई देवी बसली, आणि त्यानंतर तिचा एकही फोन आला नाही.

सुरुवातीला हायसं वाटलं. मग तिच्या आईचे, हेलेनाबाईंचे, मेसेज सुरू झाले. मार्ता बोलत का नाही? ती आजारी आहे का? तुम्ही तिला पाहिलं का? मी बेबाबाईच्या नवऱ्याला, रतिलालभाऊंना, फोन लावायची. ते म्हणायचे, "बठ्ठं चांगलं शे, ताई." मार्ताला द्या म्हटलं की नेमकी रेंज जायची. मंगळवारी सकाळी वैतागून गाडी काढली. म्हटलं, हात धरून बसवू गाडीत आणि एकदाची विमानतळावर सोडून येऊ.

पाऊस उघडला होता. रस्त्यात खड्डे की खड्ड्यांत रस्ता, काही कळत नव्हतं. वस्तीच्या तोंडाशी दोन बाया डोक्यावर चारा घेऊन चालल्या होत्या. मी काच खाली करून विचारलं, "ती परदेशी मुलगी घरी आहे का?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कोन परदेशी?" एक म्हणाली. "रतिलालभाऊना घर ते नूतन शे."

थट्टाच करतात, असं वाटलं मला. बेबाबाईची मुलगी नूतन दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेली, हे मला ठाऊक होतं. तिचीच खोली मार्ताला दिली होती.

रतिलालभाऊ शेतावर गेले होते. ओसरीत धूर कोंडला होता. चुलीपुढे मार्ता उकिडवी बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मांडी घालून बसली की पाय दुखतात म्हणून रडणारी हीच ती मुलगी. केस तेच, पिवळट, पण तेल लावून घट्ट वेणी घातलेली. भाकरी हातावरून तव्यात अलगद पडली, कडेनं जराही न फाटता.

"या ताई, बठा," ती म्हणाली. "पानी देऊ का?"

मी इंग्रजीत म्हणाले, "मार्ता, बॅग भर. परवा तुझं विमान आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ऐकायचं नसलं की माणूस चेहरा बंद करतो, तसं काही नव्हतं. तिला खरंच काही कळलं नव्हतं. मग ती ओशाळून हसली आणि आतल्या बाजूला वळून म्हणाली, "माय, ताई काय म्हनी राह्यनी?"

माझा पारा चढला. नाटकाला पण काही हद्द असते. मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं, आणि धरलेला हात माझा मलाच सोडवेना. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा डाग होता. ताजा नव्हे. लहानपणचे डाग असतात तसा, पसरलेला, गुळगुळीत. धुळ्याच्या बाजारात मी स्वतः या हातात बांगड्या भरवल्या होत्या. तेव्हा तिथे काहीही नव्हतं.

"तव्यावर पडनी व्हती," बेबाबाई दारातून म्हणाली. "चार वरीसनी व्हती तवय."

"कोण?"

बेबाबाई आत आली. ती मुलीच्या शेजारी बसली.

उत्तर दिलं ते भागाबाईंनी, तिच्या सासूनं. म्हातारी खाटेवर पडून होती.

"मन्हा हातनी चूक व्हयनी," ती म्हणाली.

आमच्या बौद्ध घरात कानबाई नाही. पण मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले, शेजारचा सण दरवर्षी पाहिला. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं मूठ मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्यांचे नैवेद्याचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे. शेजारून आमच्याकडे पुरणपोळीचं ताट यायचं. रोट कधी आला नाही.

"दरसालनी सवय," म्हातारी सांगत होती. "एकेकनं नाव लिधं, मूठ टाकी. नूतननं बी नाव लिधं. जात्यामा पडनं ते पडनं. ते परत काढता येस नही."

"मग?"

"रोट फेकता येस नही. भायेरना मानोसले देता येस नही. अन् ही पोर कोपरामा उपाशी बठेल व्हती." तिनं मान वळवली. "मंग तिले नूतन म्हनीसन पाटवर बठाडं."

मला राग आला, भयंकर राग आला. एकटी, घाबरलेली, परक्या देशातली मुलगी, आणि या लोकांनी तिच्या मनावर काय करून ठेवलं होतं! डॉक्टरला दाखवू, मी म्हणाले. आत्ताच्या आत्ता धुळ्याला नेते.

"लई जा," बेबाबाई शांतपणे म्हणाली. "ती तुमनासंगे वनी तर लई जा."

मी हात ओढला. ती मुकाट्यानं उठली, माझ्याबरोबर ओट्यापर्यंत आली, आणि तिथे थांबली. जोर लावला नाही, रडली नाही. फक्त मला ती हलवता येईना.

"बेबाबाई, ती दुसऱ्या कुणाची तरी लेक आहे हो!"

"माले ठाऊक शे."

"तिची आई तिकडे जीव टाकतेय."

"मी बी टाकेल शे," बेबाबाई म्हणाली. "मी कोनापाशी मांगाले गई नही, ताई. कानबाई मायनी दी."

मुलगी आत जाऊन सूप घेऊन आली आणि पुढ्यात गहू पसरून खडे निवडायला बसली.

ओट्याच्या कोपऱ्यात रेंज होती. मी हेलेनाबाईंना व्हिडिओ लावला. आईचं तोंड बघून ही भानावर येईल, याखेरीज माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

मी फोन मुलीसमोर धरला.

पडद्यावरच्या बाईंनी तोंडावर हात दाबला. मग हात काढला आणि लेकीला हाक मारली. पुन्हा मारली. रडत, हसत, त्यांच्या भाषेत भराभर काही विचारत राहिल्या.

मुलीनं गव्हातला हात थांबवला. फोन हातात घेतला. बराच वेळ ती बघत होती. तिच्या डोळ्यांत कीव होती, ती मला दिसली.

मग तिनं बेबाबाईकडे पाहिलं.

"माय, ही बाई काबरं रडी राह्यनी?"

बेबाबाईनं हात पुढे केला. तिनं फोन घेतला आणि सुपातल्या गव्हावर पालथा ठेवला.

मुलगी पुन्हा खडे निवडू लागली. फोन आड येई तिथे तो बोटानं जरा सरकवायची. गव्हातून हाक येत होती, मार्ता, मार्ता, आणि तिनं एकदाही वर पाहिलं नाही.